नळदुर्ग ते अलिबाग, व्हाया येळवस

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गची मुलं बसने निघतात आणि थेट अलिबागचा समुद्र गाठतात. धडा झकास. पण लातूर-नांदेडकडच्या मास्तराला तो शिकवताना हटकून वाटतं, अलिबागची लेकरं आमच्या ज्वारीत कधी यायची?

तसं इकडे गाव बघायला जाणं जुनंच. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि कॉलेजची पोरं शिबिराला खेड्यात जाऊ लागली. मुक्काम शाळेच्या खोलीत, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटीभोवती गाणी. गाव झाडायचं आणि वर गावालाच स्वच्छतेवर भाषण द्यायचं! गावाकडूनही काही शिकावं, हे त्या वेळापत्रकात क्वचितच असे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे हे उलटं झालं. गणपती विसर्जन करून निजलेली किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात पडली. मदतीला गेलेल्या पोरांनी ढिगारे उपसले, आणि घर म्हणजे काय ते त्यांना तिथे कळलं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या रात्री अंगावर आलं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. सरळ रस्ते, ओळीने घरं. भावकी पांगली, गोठा कुठे बांधायचा हा प्रश्न उरला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठी प्रयोगशाळा कुठली मिळणार? पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि लातूर, परभणीची कॉलेजं त्याला जोडली गेली. लांबून अभ्यासक येण्याआधी इथलीच पोरं वही घेऊन तिथे जाऊ शकत होती.

त्यानंतर मात्र मार्कांसाठी शिकवण्या आणि टेस्टांचा रतीब घालणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने गणित फिरवलं. आता खेड्यातलीच लेकरं शहरात खोली करून राहतात, आणि ज्या गावाची भेट घडवायची ते त्यांच्याच आजोबांचं निघतं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लाल कंधारी आणि देवणी बैल शेजारी उभे केले तर त्यातला कुठला कोणता, हे कंधार-देवणीच्याच पोराला सांगता येत नाही. दोन्ही जातींना नावं त्याच्याच तालुक्यांची आहेत!

जत्रा सुरू झाली की लगोलग मार्गशीर्षातली अमावस्या, आमची येळवस. ज्वारीच्या रानात कडब्याची खोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, मडक्यात आंबील, शेजारी भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेने जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारून पंगतीला बसवतात. वही काढलेल्या पोराला म्हातारी म्हणते, "आधी जेव बाबा, मग काय लिव्हायचं ते लिव्ह." रब्बीचं पीक कसं आहे, विहिरीला पाणी किती, वाटणीत कुणाला काय आलं, सगळं त्या पंगतीत कानावर पडतं. मला विचाराल तर प्रश्नावली घेऊन महिनाभर फिरण्यापेक्षा ही एक दुपार भारी.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. त्यातला एक माळेगावच्या जत्रेला द्यावा. येळवशीला लातूर जिल्ह्यात स्थानिक सुटी असतेच; शिकवणीवाल्यांनी तेवढी त्या दिवशी टेस्ट ठेवू नये.