स्वभाव आणि कामसौख्य

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो, आणि तरीही लग्न ठरवताना स्वभाव जुळतो की नाही हे पत्रिकेवरून पाहतो. पत्रिकेतल्या ३६ गुणांपैकी ६ गुण गणाला आणि ४ योनीला दिलेले आहेत. वधूवरांची प्रकृती आणि त्यांचे शरीरसौख्य यांचा काही संबंध असला पाहिजे, ही जाणीव त्यामागे दिसते. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नक्षत्रांपेक्षा माणसांच्या निरीक्षणात शोधणे अधिक बरे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून कामविषयक ज्ञान मराठीत उघडपणे आणले. परंतु ज्ञान सारखे आणि शरीरे निरोगी असूनही एक दांपत्य सुखी आणि दुसरे दुःखी, असे का होते? अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने ७९२ दांपत्यांची पाहणी करून १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वैवाहिक सुखाच्या बाबतीत कामक्रीडेतील कौशल्यापेक्षा पतिपत्नींच्या मनोवृत्तीचे पारडे जड ठरले. लोवेल केली यांनी १९३५ च्या सुमारास वाङ्‌निश्चय झालेली ३०० जोडपी निवडली आणि त्यांचा मागोवा १९८० पर्यंत घेतला गेला. संसार बिघडण्याशी तीन गोष्टींचा विशेष संबंध आढळला: पतीची चिंताशीलता, पत्नीची चिंताशीलता आणि पतीचा असंयम.

आजचे मानसशास्त्र स्वभावाची पाच मुख्य अंगे मानते: चिंताशीलता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता आणि नावीन्याची ओढ. यांपैकी कामजीवनातील असमाधानाशी सर्वांत स्पष्ट नाते चिंताशीलतेचे आहे. चिंताशील म्हणजे दुबळा किंवा दुष्ट नव्हे; ज्याला संकटाची चाहूल लवकर लागते आणि लागलेला घोर लवकर सुटत नाही, तो चिंताशील.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. शरीराला सुखाकडे नेणारी एक यंत्रणा असते आणि त्याला आवरून धरणारी दुसरी. धोका असेल तेव्हा दुसरीने पुढे यावे, हे योग्यच. पण चिंताशील मनाला धोका कुठेही दिसतो. ‘मी कमी तर पडणार नाही?’, ‘मी कशी दिसते?’, ‘हे रागावले तर नाहीत?’ असे प्रश्न ऐन एकांतात उभे राहतात. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० साली दाखवून दिले की, अशा वेळी माणूस स्वतःचाच प्रेक्षक होतो. प्रेक्षक झाला की सुखातून उठला. मग एखादा प्रसंग फसतो, त्यातून पुढच्या वेळेची धास्ती निर्माण होते, आणि धास्तीमुळे पुढचाही प्रसंग फसतो.

एकाच्या स्वभावाची झळ दुसऱ्यालाही लागते. पती गप्प झाला की पत्नीला वाटते, आपण नकोशा झालो. पत्नीने पाठ फिरवली की पतीला तो अपमान वाटतो. दोघेही मनात वेगवेगळा अर्थ लावून झोपी जातात.

तर मग सारख्या स्वभावाची माणसे शोधावीत काय? तसेही नाही. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी येथील हजारो जोडप्यांच्या माहितीवरून २०१० साली असे दिसून आले की, स्वभावसाम्याचा समाधानाशी संबंध अगदीच नगण्य आहे. दोघे सारखे आहेत की नाहीत यापेक्षा प्रत्येकजण कसा आहे, यालाच अधिक महत्त्व.

मनमिळाऊपणा इथे उपकारक ठरतो, पण त्याबाबत एक सावधगिरी हवी. जोडीदाराचे मन ओळखणे म्हणजे मनमिळाऊपणा. मनाविरुद्ध ‘हो’ म्हणणे म्हणजे नव्हे. आपल्याकडे असे मुकाट ‘हो’ बहुधा पत्नीकडून अपेक्षिले जाते आणि त्यालाच सुस्वभाव म्हटले जाते. जिथे ‘नको’ म्हणण्याची मोकळीक नाही, तिथल्या होकाराला सौख्य म्हणता येणार नाही.

शिवाय सर्व दोष स्वभावाच्या माथी मारणेही बरोबर नाही. स्वभावाचा परिणाम खरा असला तरी मर्यादित आहे. मधुमेहासारखा आजार, काही औषधे, बाळंतपणानंतरचा थकवा, दोन खोल्यांच्या घरात न मिळणारा एकांत, यांचाही वाटा असतो. त्रास टिकून राहिला, तर पत्रिका पुन्हा न काढता डॉक्टरांना भेटावे.

शेवटी त्या म्हणीकडे वळू. स्वभाव मुळापासून पालटत नाही, हे बव्हंशी खरे. पण तो अगदी अचलही नसतो. वयाबरोबर चिंताशीलता सामान्यतः काहीशी ओसरते आणि मानसोपचारानेही ती कमी होते. त्याहून महत्त्वाचे हे की, स्वभाव दुसऱ्यापर्यंत पोहोचतो तो वागण्यातून. मनात आलेली शंका रात्रभर घोळवण्याऐवजी ‘मला अशी धास्ती वाटते’ असे जोडीदाराला सांगता येते. आणि ऐकणाऱ्याला चेष्टा न करता ते ऐकून घेता येते. एवढ्याने स्वभाव बदलणार नाही. पण मनातली धास्ती एकट्याची न राहता दोघांची होईल, आणि तिचा जोर पुष्कळसा कमी होईल. स्वभावाला औषध नसेल, पण पथ्य निश्चित आहे. आणि ते दोघांनी मिळून पाळायचे आहे.