बेलोरा ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावातून मुंबईचं विमान गाठायला दोन वाटा आहेत. एक वडकीला राष्ट्रीय महामार्गाला लागून हिंगणघाट, जाम, बुटीबोरीमार्गे नागपूरला जाते. दुसरी यवतमाळ, नेरवरून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर. बेलोऱ्याहून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली आणि इकडच्या लोकांना पहिल्यांदाच निवड करायची वेळ आली. ‘बेलोऱ्याहून किती वेळ लागतो?’ असं कुणी विचारलं की मी वही उघडतो, कारण हा हिशोब शाळेतल्या गणितावर सुटतो.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश मांडायचे. बेलोरा साधारण २० अंश ४९ मिनिटं उत्तर, ७७ अंश ४३ मिनिटं पूर्व. मुंबई १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. अक्षांशांतला फरक १०४ मिनिटं आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. रेखांशांतला फरक २९१ मिनिटं. पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून आपल्या विसाव्या अक्षांशावर त्याला ०.९४ ने गुणायचं. आले सुमारे २७४. पुढे पायथागोरस : १०४ चा वर्ग अधिक २७४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २९३. किलोमीटरमध्ये सुमारे ५४०. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरात फारसा फरक पडत नाही.

या मार्गावर ७२ आसनी एटीआर विमान सुरू झालं. पंख्यांचं हे विमान ताशी साधारण ५०० किलोमीटरने जातं आणि बेलोऱ्याची १८५० मीटरची धावपट्टी त्याला पुरते. ५४० भागिले ५०० म्हणजे एक तास पाच मिनिटं. पण सुरुवातीच्या वेळापत्रकात वेळ होती पावणेदोन तास : बेलोऱ्याहून ४.४० ला निघून ६.२५ ला मुंबई.

मधली चाळीस मिनिटं कुठे जातात? वेळापत्रकातली वेळ चाकाखालची अडण निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंतची असते. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं, संथ वेगाने उंची गाठणं, ठरलेल्या बिंदूंवरून वळत जाणारा हवाई मार्ग हे सगळं त्यात येतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि उतरणाऱ्यांना रांग लावावी लागते. वाराही मोजायचा. तोंडावर ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर तेच अंतर ७२ मिनिटांत कापलं जातं, पाठीवर असेल तर ५९. म्हणून विमानतळांमधलं अंतर एकदाच काढावं लागतं, वेळ मात्र रोज नव्याने ठरते.

पण राळेगावच्या माणसाचा प्रवास बेलोऱ्याला सुरू होत नाही. सरळ रेषेत नागपूर आणि बेलोरा आपल्यापासून जवळपास सारखेच लांब, शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. रस्त्याने दोन-अडीच तास नागपूरला, बेलोऱ्याला त्याहून थोडे जास्तच. वर तासभर आधी पोचायचं. म्हणजे हवेत जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट जमिनीवर जातो. शिवाय नागपूरहून रोज विमानं आहेत. बेलोऱ्याहून सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस. विमान नसलेल्या दिवशी कामाची तारीख पडली, तर विदर्भ एक्सप्रेसची रात्रच बरी.

यवतमाळची धावपट्टी तर या दोन्ही विमानतळांपेक्षा कितीतरी जवळ आहे. २००९ मध्ये ती खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली, पण तालुक्यातल्या माणसाला तिथून नियमित प्रवासी विमान काही मिळालं नाही.

माझं म्हणणं एवढंच. छोट्या विमानतळाचं यश विमानाच्या मिनिटांवर मोजू नये. शेतकरी, रुग्णाचा नातेवाईक, मुलाखतीला निघालेली मुलगी घरातून किती वाजता निघतात आणि काम आटोपून कधी परत येतात, त्यावर मोजावं. त्यासाठी विमानाच्या वेळेला जोडून यवतमाळहून बेलोऱ्याला थेट एसटी हवी आणि विमान रोज हवं. आकाशात दहा मिनिटं वाचवणं अवघड आहे. रस्त्यावर तास वाचवणं आपल्या हातात आहे.