मॅनिटॉलची बाटली

नवघर रोडवर बाईक घसरून डोकं आपटलं, की घरच्यांना पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं, "मेंदूला सूज आहे, ७२ तास काही सांगता येणार नाही." शेजारच्या मुलाच्या वेळी आम्हीही ते ऐकलं. दहिसर नाका ओलांडून त्याला मुंबईतल्या एका आयसीयूत नेलं होतं.

तिथे सिस्टरने २० टक्के मॅनिटॉलची बाटली ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली. तळाशी बारीक स्फटिक चमकत होते. एसीच्या गारव्यात ते धरतातच. "मावशी, गरम पाणी आणा." बाटली पाण्यात बुडवली, हलवली, पुन्हा उजेडात धरली. स्वच्छ दिसल्यावरच लावली, आणि वीसेक मिनिटांत रिकामी झाली. मॅनिटॉल मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून तासातासाला युरिन बॅगवरचा आकडा टिपायचा. उशाकडचा भाग ३० अंश वर आणि मान सरळ. मान वळली तर डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं. मधूनमधून टॉर्च मारून बाहुल्या बघायच्या.

कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत मेंदू, रक्त आणि पाणी. एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. या विचाराचा पाया अलेक्झांडर मन्रोने १७८३ मध्येच घातला होता. दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरच्या वर गेला की उपचार करा, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

सूज म्हटली की स्टिरॉइड द्यावं, हे कुणालाही पटेल. डॉक्टरांनाही अनेक वर्षं पटत होतं. मग 'क्रॅश' चाचणीत १०,००८ रुग्ण घेतले, आणि २००४ मध्ये निकाल आला: दोन आठवड्यांत स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९. कवटीचा तुकडा काढून जागा करून देण्याची शस्त्रक्रिया जीव वाचवते. काढलेलं हाड आपल्याकडे अनेकदा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. पण २०१६ च्या 'रेस्क्यू आयसीपी' चाचणीत वाचलेल्यांपैकी बरेच जण परावलंबी राहिले. घरच्यांना हा भाग नीट सांगितला जात नाही, असं माझं मत आहे.

प्रयोगशाळेत सूज मोजायची रीत अगदी साधी आहे. उंदराचा मेंदू ओला असताना तोलायचा, ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जे वजन कमी झालं ते पाणी. निरोगी मेंदूतही ते ७८-७९ टक्के असतं, त्यामुळे सगळा वाद एकदोन टक्क्यांचा.

या तराजूवर भरवशाचं ठरलेलं एक औषध मधुमेह्यांच्या ओळखीचं आहे: ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे 'डाओनिल'. मेंदूला इजा झाल्यावर पेशींवर एरवी नसणारी एक वाट उघडते, तिथून सोडियम आत शिरतं आणि मागोमाग पाणी. मेरीलँड विद्यापीठाच्या मार्क सिमार्ड यांनी ती शोधली. हे औषध ती बंद करतं. उंदरांत सूज उतरली. माणसांत, मोठ्या पक्षाघाताच्या रुग्णांवर, शिरेतून देऊन पाहिलं, तर २०२४ मध्ये छापून आलेल्या निकालात एकूण फायदा दिसला नाही. डोक्याच्या माराबद्दलचा प्रश्न अजून खुला आहे.

डॉक्टरांकडून या औषधाबद्दल ऐकून मुलाच्या काकांनी विचारलं, "आमच्या आईच्या डब्यात आहे ती गोळी. नळीतून देता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नको काका. साखर एकदम खाली जाईल, आणि आत्ता त्याच्या मेंदूला तीच लागते आहे."