अक्षराच्या पोटातली जागा

आषाढी वारी जवळ आली की बारामतीतल्या फ्लेक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी इंदापूरला जाते. वाटेवरची मंडळं, पतसंस्था, दूध संस्था वारकऱ्यांसाठी पाण्याचे टँकर उभे करतात, चहा-नाश्ता ठेवतात, पायांना मलम लावायला माणसं बसवतात. या प्रत्येक सोयीला फलक लागतो. तो करणारा बहुतेक वेळा मंडळाचाच एखादा पोरगा असतो. फोनवर पिक्सेललॅब या अॅपमध्ये तो स्वतःच जुळणी करतो किंवा दुकानातल्या ऑपरेटरच्या खांद्यामागे उभा राहून सांगत राहतो, "दादा, मॅटर तेवढंच ठेवा, पण नाव अजून ठळक करा."

हे काम मी जवळून पाहत आलो आहे आणि या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांना रंगांची जाण असते, वेगही असतो, आणि आपल्या गावचं काम देखणं व्हावं ही तळमळ असते. अक्षर कशाने वाचता येतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला शाळा लागत नाही. अक्षर जितकं शाईने घडतं तितकंच त्याच्या पोटात राहिलेल्या मोकळ्या जागेने घडतं, ही एक गोष्ट पक्की धरली तरी निम्म्याहून अधिक काम सुधारतं.

गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. 'बारामती'तला ब आणि 'वारी'तला व यांत फरक असतो तो पोटातल्या एका तिरक्या रेषेचा. ऑपरेटर मागच्या वर्षीची ओपन फाइल उघडतो, नावं बदलतो, सगळ्यात जाड फॉन्ट निवडतो, अक्षर पिवळं करतो, त्याला लाल आउटलाइन देतो, तिच्याबाहेर पांढरी देतो आणि खाली काळी शॅडो सोडतो. कोरलड्रॉमध्ये, म्हणजे दुकानातल्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये, ही आउटलाइन अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, म्हणजे अर्धी जाडी बाहेर जाते आणि अर्धी आत. जाड अक्षरात ब-च्या पोटात मुळातच जागा थोडी असते. लाल रेघ आत शिरली की ती तिरकी रेषा बुडते आणि दहा पावलांवरून 'बारामती'ची 'वारामती' दिसू लागते. भिगवणचंही तेच होतं. भ आणि म यांना वेगळं ठेवणारी खूण म्हणजे वरच्या शिरोरेषेतली फट. ती बुजली की 'मिगवण' वाचलं जातं. दूध संकलन केंद्राच्या पाटीवर ध-ची फट बुजली की 'दूघ' होतं.

उपाय सोपा आहे. आउटलाइन द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे पाठवायची. कोरलमध्ये त्यासाठी 'बिहाइंड फिल' हा पर्याय असतो. मग अक्षराचं पोट शाबूत राहतं. त्याहून चांगलं म्हणजे आउटलाइनची गरजच पडू न देणं. गडद जागेवर फिकं अक्षर किंवा फिक्या जागेवर गडद अक्षर ठेवलं की ते आपोआप उठून दिसतं. ती दुहेरी-तिहेरी कड बहुतेक वेळा लागते, कारण अक्षरामागे फोटो असतो. फोटो एका बाजूला घ्या आणि अक्षराखाली सपाट रंगाची पट्टी द्या.

दुसरी खोड ओढाताणीची. ओळ फ्लेक्सच्या रुंदीत बसत नाही म्हणून माउसने बाजूने दाबायची, किंवा जागा उरते म्हणून दोन्हीकडे ताणायची. फॉन्ट घडवणाऱ्याने उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाडीचं प्रमाण विचारपूर्वक बांधलेलं असतं. आडवं ताणलं की काना खांबासारखा जाड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. जागा कमी असेल तर मुळात अरुंद घडवलेला फॉन्ट घ्यावा. खंड, तेको, राजधानी हे असे मोफत मिळणारे फॉन्ट आहेत. जागा जास्त असेल तर ती मोकळी सोडावी. अक्षरांमधलं अंतर वाढवून ती भरू नये, कारण इंग्रजी अक्षरं सुटी असतात पण देवनागरी शिरोरेषेला बांधलेली असते. अंतर ताणलं की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

फ्लेक्स येण्याआधीचे पेंटर हे हाताने सांभाळायचे. पत्र्यावर आधी खडूची दोरी मारून शिरोरेषा आणि पाया आखायचा, अक्षरं मोजायची, मध्य काढायचा, वरच्या मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खालच्या उकारांसाठी जागा राखायची आणि मगच ब्रश बुडवायचा. संगणकावर ही आखणी दिसत नाही म्हणून ती विसरली जाते. देवनागरीची ओळ म्हणजे खरं तर तीन मजले असतात. मधे अक्षर, वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. बारा पॉइंटच्या मजकुराला सतरा-अठरा पॉइंटचं अंतर द्या, म्हणजे साधारण दीडपट. नवा फॉन्ट पारखायचा असेल तर पालखीच्या वाटेवरचं 'अंथुर्णे' लिहून बघावं. त्यात अनुस्वार, उकार, रफार आणि रफाराशेजारी मात्रा सगळं आहे. रफार आणि मात्रा एकमेकांत न अडकता वाचता आल्या तर फॉन्ट कामाचा.

या भागातल्या फलकांवर 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द फार येतो, आणि तो चुकतोही फार. कृषी सेवा केंद्र, ठिबकचं दुकान, बँक, कारखाना, कुठेही पाहा. र-ला य जोडताना मराठीत अर्धचंद्रासारखा र लागतो. तो न मिळाल्याने 'शेतकर्यांसाठी' असा रफार चढतो, आणि दर्या वेगळा, डोंगराच्या दऱ्या वेगळ्या, हा भेदच पुसला जातो. कीबोर्डवर खाली टिंब असलेला 'ऱ' वेगळा असतो. तो घ्यायचा, मग पाय मोडायचा, मग य. तसंच ल आणि श यांचं. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. अनेक फॉन्टांमध्ये आधी हिंदी वळणाचीच रूपं समोर येतात. तिरो देवनागरी मराठी या मोफत फॉन्टात मराठी वळण मुळातच दिलेलं आहे.

दुकानांतली आणखी एक अडचण तांत्रिक आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि तिच्यासारख्या जुन्या प्रणालींवर आपलं डीटीपी उभं राहिलं. त्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर मॅटर पाठवतं ते युनिकोडमध्ये. ते जुन्या फाइलीत चिकटवलं की चौकोन उमटतात किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. मग घाईत पुन्हा टाइप करताना आडनावं चुकतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू केला की युनिकोडची जोडाक्षरं नीट जुळतात. मजबूत मोफत फॉन्टही आता भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू घ्या. मुक्ता साधा, अनेक वजनांचा, मजकुराला चालणारा. बलू गुबगुबीत, मथळ्याला शोभणारा. विंडोजसोबत येणारा मंगल र. कृ. जोशींनी पडद्यावर वाचण्यासाठी घडवला. तो वीस फुटी फ्लेक्सवर ताणला तर दोष त्याचा नाही.

एका कामात फॉन्ट दोनच ठेवावेत, एक मथळ्याला आणि एक मजकुराला. फरक दाखवायचा तो आकाराने आणि जाडीने.

कागदावरचं गणित थोडं वेगळं असतं. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ भादलवाडीला बिल्ट या नावाने ओळखला जाणारा मोठा कागद कारखाना आहे. तिथे कोटेड कागद बनतो. कोटिंगमुळे शाई वरच राहते, म्हणून लग्नपत्रिकेतली बारीक रेघही स्वच्छ उमटते. साधा मॅपलिथो कागद शाई पितो आणि रेघ फुगते. म्हणून हँडबिलावर नाजूक किंवा फार जाड, दोन्ही वजनं टाळावीत. मरून पानावर पांढरी अक्षरं सोडायची असतील तर एक वजन जाड घ्यावं, कारण चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि बारीक अनुस्वार आधी बुजतो.

बचत गटाच्या पाकिटावरचं लेबल हातातच धरून वाचायचं असतं, तरी तिथेही मोकळ्या जागेचाच नियम लागतो. कारळ्याच्या चटणीच्या लेबलावर वेलबुट्टी, कलश, दोन फोटो आणि गटाच्या सर्व पदाधिकाऱ्यांची नावं बसवली की 'कारळ्याची चटणी' हेच बारीक होतं. पुण्याच्या भीमथडी जत्रेत गिऱ्हाईक चालता चालता स्टॉलकडे बघतं. त्याला पदार्थाचं नाव तीन-चार फुटांवरून दिसायला हवं, वजन आणि तारीख हातात घेतल्यावर.

किती मोठं अक्षर पुरे, याचा पाटीच्या धंद्यातला एक आडाखा आहे. दहा फुटांमागे एक इंच उंची. पुणे-सोलापूर महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. वाचायला तीन सेकंद द्यायचे तर अक्षर ६६ मीटरवरून, म्हणजे दोनशे फुटांहून लांबून दिसायला हवं. त्याला साधारण बावीस इंच उंची लागते. दहा फूट रुंदीत अशी सहा-सातच अक्षरं मावतात, आणि 'पिण्याचे पाणी' तेवढ्यात बसतं. शुभेच्छुकांची नावं जरूर घाला, पण ती थांबून वाचणाऱ्यासाठी खाली, लहान.

बारामतीला अक्षराची परंपरा जुनी आहे. श्रीधरस्वामींनी शके १६४० म्हणजे १७१८ साली शिवलीलामृत इथे पूर्ण केलं, आणि मोरोपंत इथेच लिहिते राहिले. त्या काळच्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत, पण बोरूचं प्रत्येक अक्षर टपोरं आणि पोट मोकळं असलेलं असे, कारण पोथी समईच्या उजेडात मोठ्याने वाचायची असे. आजही वारीत अशी म्हातारी माणसं चालतात ज्यांना अक्षरं एकेक लावून वाचावी लागतात. 'दवाखाना' या पाटीची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच असते, आणि बुजलेल्या अक्षराचा फटकाही पहिला त्यांनाच बसतो.

म्हणून छपाईला सोडण्याआधी एवढं करा. फाइल फोनवर घ्या, चित्र अंगठ्याएवढं लहान करा आणि हात लांब करून बघा. मग मॅटर माहीत नसलेल्या कुणाला तरी, शक्यतो घरातल्या आजीला, मोठ्याने वाचायला सांगा. ती जिथे अडखळेल तिथे रंग वाढवू नका. तिथली एक वस्तू काढा आणि अक्षराला त्याची जागा परत द्या.