कुंपण, छायासह सजीव

वृक्षांच्या अगर इमारतींच्या सावलीत आडोशासाठी लावलेल्या सदापर्णी, दाट झुडपांच्या रांगेस ही संज्ञा लावतात. मेंदी, ड्युरांटा इ. नेहमीच्या कुंपण-वनस्पतींना भरपूर ऊन लागते. सावलीत त्यांच्या खालच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाने तयार होणारे अन्न श्वसनात खर्च होणाऱ्या अन्नापेक्षा कमी पडते व ती गळतात. परिणामी जेथे आडोसा हवा तेथेच, म्हणजे बुंध्यापाशी, कुंपण उघडे पडते. छायासह वनस्पतींची पाने बहुधा पातळ असून त्यांच्या श्वसनाचा वेग कमी असतो, त्यामुळे मंद प्रकाशातही ती टिकतात.

महाराष्ट्रात अर्धसावलीसाठी कुंती (मुराया पॅनिक्युलॅटा, कुल-रूटेसी) सर्वांत सोयीची. ती छाटणी सोसते व २ मी.पर्यंत सहज दाट ठेवता येते. गर्द सावलीत मात्र तिला सुगंधी फुले कमी येतात. विदर्भातील संत्र्यांच्या बागांजवळ ती लावणे इष्ट नाही. लिंबू वर्गीय झाडांवरील ग्रीनिंग रोगाचा प्रसार करणारा सिला (डायफोरिना सिट्री) हा कीटक तिच्या कोवळ्या पालवीवर वाढतो आणि प्रत्येक छाटणीनंतर अशी पालवी नव्याने फुटते. केवळ शोभेसाठी हा धोका पतकरण्यासारखा नाही. तेथे अडुळसा (जस्टिसिया ॲधाटोडा, कुल-ॲकँथेसी) बरा. त्याच्या कडवट पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत (‘ॲधाटोडा’ हे नावही याच अर्थाच्या तमिळ शब्दांवरून आले आहे) व फाटे लावून त्याची लागवड स्वस्तात होते.

इमारतींमधील अरुंद, सावलीच्या पट्ट्यात रॅपिस हा झुबक्याने वाढणारा लहान ताड उपयुक्त आहे. तो सावकाश वाढतो. छाटलेल्या खोडास पुन्हा शेंडा येत नाही, नवे फुटवे जमिनीतून येतात. कडक उन्हात त्याची पाने पिवळी पडतात.

मोठ्या वृक्षाखाली प्रकाशाइतकीच पाण्याचीही टंचाई असते, कारण वरच्या थरातील ओलावा वृक्षाची मुळे शोषून घेतात. यासाठी चर सलग न खणता मोठी मुळे टाळून स्वतंत्र खड्डे घेतात, त्यांत भरपूर शेणखत घालतात व पावसाळ्याच्या आरंभी सु. ६० सेंमी. अंतरावर रोपे लावतात. कुंती व अडुळसा यांची छाटणी तळाशी रुंद व वर निमुळती ठेवतात. त्यामुळे खालच्या पानांना प्रकाश मिळतो. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे लागते.