सिमला करार : मुदतीची कलमे आणि सोडून दिलेला प्रश्न

युद्धोत्तर कराराची परीक्षा सह्यांच्या दिवशी होत नाही. त्यात कशाला मुदत घातली आणि काय पुढील भेटीवर सोडले, यावर त्याचे भवितव्य ठरते. भारत व पाकिस्तान यांच्यातील सिमला करार हे याचे आपल्या निकटचे उदाहरण होय.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यास शरणागती झाली. सैनिक व नागरिक मिळून सुमारे ९३,००० बंदी भारताच्या ताब्यात आले. पश्चिम सीमेवरील सुमारे १३,००० चौरस किलोमीटर प्रदेशही हाती होता. अशा स्थितीत इंदिरा गांधी व झुल्फिकार अली भुट्टो यांनी केलेल्या करारावर २ जुलै १९७२ ही तारीख आहे. अपमानकारक अटींतून पुढील युद्धाचे बीज पेरले जाते, हा व्हर्सायच्या तहाचा धडा भारताचे वाटाघाटकार पी. एन. हक्सर यांच्यासमोर होता.

आंतरराष्ट्रीय सीमेवरील माघारीस करारात तीस दिवसांची मुदत होती. काश्मिरात मात्र युद्धबंदीच्या वेळची रेषा, आपापल्या भूमिकेस बाध न आणता, उभयतांनी मानावी असे ठरले. १९४९ च्या ‘युद्धबंदी रेषे’ची जागा ‘नियंत्रण रेषे’ने घेतली. तिच्या आखणीवरून वाद होऊन मुदत टळली. तथापि ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगड येथे आखणी मान्य झाली आणि त्याच महिन्यात माघार पूर्ण झाली.

युद्धकैद्यांचा प्रश्न सिमल्यास सुटला नाही. शरणागती भारत व बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली असल्याने बांगलादेशाची संमती आवश्यक होती. ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार, फेब्रुवारी १९७४ मध्ये पाकिस्तानने बांगलादेशास दिलेली मान्यता आणि एप्रिल १९७४ चा त्रिपक्षीय करार, अशा पायऱ्यांनी तो मिटला.

काश्मीरचा अंतिम निर्णय मात्र पुढील भेटींवर ठेवला गेला. त्यास मुदत नव्हती. तो आजही प्रलंबित आहे. १९९९ साली कारगिलमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा ती ओळखण्याचे माप म्हणून हीच रेषा उपयोगी पडली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हा करार स्थगित ठेवण्याचा अधिकार आपण वापरू, असे जाहीर केले.

म्हणून हा करार फसला, असे म्हणावे काय? काश्मीरच्या निर्णयासाठी अडून राहिले असते, तर बहुधा करारच झाला नसता. सीमेवरील गावे परसैन्याखाली आणि कैदी छावण्यांतच राहिले असते. कराराने जे साधले ते मोलाचे होते. ज्यावर तो मौन राहिला, त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागत आहे.