लेकरांच्या सांध्यांची नोंद कोण ठेवणार?

अचलपूर आणि परतवाड्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मायमाउल्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. "सकाऊन पोराचे पाय आखडतेत, दुपार झाली का मोकये होतेत." या दुखण्याला घराघरात वेगळे नाव असते. कोणी वात म्हणते, कोणी वाढीचे दुखणे, कोणी पडल्याचा मार. वस्ती बौद्धांची असेल तर 'सिकल असंन' हे उत्तर ठरलेलेच. दुखणे एक आणि नावे चार, यात नुकसान लेकराचे होते. कारण नाव चुकले की औषध चुकते आणि सरकारी कागदावरची नोंदही चुकते.

मुलांना संधिवात होतो, हेच अनेकांना खरे वाटत नाही. तो म्हाताऱ्यांचा आजार असा आपला समज. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. मुलांच्या संधिवाताचे वर्गीकरण कसे करतात, त्याची मोजणी कशी होते, आणि कार्यकर्ते म्हणून आपण त्यात काय करू शकतो.

सांधा सुजला, पण कशामुळे?

मुलाचा सांधा सुजण्याची कारणे बरीच आहेत. सांध्यात पू झाला असेल तर ताप येतो, मूल पाय टेकवत नाही आणि काही तासांत दवाखाना गाठावा लागतो. क्षयरोग सांध्यात बसतो तेव्हा सूज हळूहळू वाढते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज हा सांधा, उद्या तो, असे दुखणे फिरू लागले तर संधिवाताच्या तापाची, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरची शंका घ्यावी लागते. हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. दाटीवाटीच्या घरांत घशाचा संसर्ग लवकर पसरतो, म्हणून गरीब वस्त्यांत त्याचा धोका जास्त. रात्री झोपमोड करणारे हाडांचे दुखणे, फिकटपणा आणि वारंवार ताप असेल तर रक्ताचा कर्करोगही तपासावा लागतो.

ही सगळी कारणे तपासून बाजूला काढल्यावर जो गट उरतो, त्याला जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए म्हणतात. त्याच्या व्याख्येत तीन अटी आहेत. आजार वयाच्या सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेला असावा, सांध्याची तक्रार किमान सहा आठवडे टिकलेली असावी आणि दुसरे कोणतेही कारण सापडलेले नसावे.

नावांचा इतिहास

लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांच्या नोंदींवरून दाखवून दिले की, मुलांचा संधिवात हा मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे. पुढे अमेरिकेने एक नाव वापरले, युरोपने दुसरे. अमेरिकेच्या व्याख्येत सहा आठवड्यांची सूज पुरेशी होती, युरोपच्या व्याख्येत तीन महिने लागत. एकच मूल एका खंडात रुग्ण आणि दुसऱ्या खंडात रुग्ण नाही! अशा आकड्यांची तुलना करणार तरी कशी?

हा गोंधळ मिटवण्यासाठी संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे 'इलार'ने नव्वदच्या दशकात एकच वर्गीकरण आणले. १९९७ मध्ये डर्बन आणि २००१ मध्ये एडमंटन येथे त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार जेआयएचे सात प्रकार आहेत.

- सर्वांगीण: रोजचा ताप, अंगावर येणारे-जाणारे पुरळ आणि सांधेदुखी.
- मोजक्या सांध्यांचा: पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे.
- अनेक सांध्यांचा, आरए फॅक्टर निगेटिव्ह.
- अनेक सांध्यांचा, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह.
- सोरायसिसशी जोडलेला.
- एन्थेसायटिसचा: टाच, गुडघा अशा ठिकाणी स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे जोडलेल्या असतात तिथली सूज. सहा वर्षांवरच्या मुलग्यांत हा जास्त दिसतो.
- कोणत्याच एका प्रकारात न बसणारा.

हे वर्गीकरणही शेवटचे नाही. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने नवी मांडणी सुचवली आहे. पण प्रकार ओळखण्याचा उपयोग आजही थेट आहे. मोजक्या सांध्यांच्या प्रकारात, विशेषतः लहान मुलींमध्ये, डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि नजर मात्र जात राहते. अशा मुलीचे डोळे स्लिट लॅम्पवर ठरावीक काळाने तपासावेच लागतात. पश्चिमेत मोजक्या सांध्यांचा प्रकार सर्वाधिक आढळतो, तर भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत एन्थेसायटिसच्या प्रकाराचे प्रमाण बरेच मोठे दिसते. म्हणजे परदेशी पुस्तकातले चित्र डोक्यात ठेवून आपली मुले शोधली तर निम्मी नजरेतून सुटतील.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. जेआयएच्या बहुसंख्य मुलांमध्ये आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही" हे उत्तर अपुरे आहे. उलट एएसओ वाढलेला दिसला म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरच झाला, असेही नसते. घशाचा एक विशिष्ट संसर्ग होऊन गेला, एवढेच तो सांगतो.

सिकलचा शिक्का

आता आपल्या वस्त्यांतला नाजूक विषय. विदर्भात सिकलसेल आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर आहे. १९५८ मध्येच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. सिकलसेल हाडासांध्यांवर घाव घालतो. सहा महिन्यांनंतरच्या बाळांमध्ये हातापायांचे पंजे सुजतात, मोठ्या मुलांमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजते. म्हणून दुखणाऱ्या लेकराची सिकल तपासणी झालीच पाहिजे.

अडचण तपासणीनंतर येते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. वाहक मुलाला साधारणपणे सांध्यांचा त्रास होत नाही. तरी एखाद्या मुलाचा रिपोर्ट एएस आला आणि गुडघा दोन महिन्यांपासून सुजलेला असला, तर घरचे आणि कधी कधी दवाखान्यातले लोकही 'सिकल आहे' म्हणून फाइल मिटवतात. खरा आजार तसाच वाढत राहतो. एसएस मुलाच्या सांध्यातही पू होऊ शकतो, त्यालाही जेआयए होऊ शकतो. एका आजाराचे नाव मिळाले म्हणून दुसरा तपासायचाच नाही, असे चालत नाही.

यात जातीचा पूर्वग्रहही मिसळतो. 'तुमच्या लोकांत हे असतंच' हे वाक्य आपण ऐकलेले आहे. सिकलचा जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकला, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. तो आदिवासींत आहे, ओबीसींत आहे, आपल्यात आहे. वस्तीचे नाव पाहून निदान करणे ही वैद्यकशास्त्राशीच बेइमानी आहे.

मोजणी म्हणजे काय?

आजार मोजण्याचे दोन आकडे असतात. एका वर्षात नव्याने किती मुले आजारी पडली हा झाला घटनादर. एखाद्या वेळी एकूण किती मुलांना आजार आहे हे झाले प्रमाण. दोन्हींसाठी पक्की व्याख्या, एकूण मुलांची संख्या आणि ठरलेला काळ लागतो. यातली एक गोष्ट सुटली तरी आकडा निरर्थक होतो.

जगभरच्या अभ्यासांत जेआयएचे प्रमाण लाख मुलांमागे ३.८ पासून ४०० पर्यंत सांगितले गेले आहे. अचलपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १२ हजार होती. त्यात सोळा वर्षांखालची मुले अंदाजे ३० हजार धरली, तर खालच्या आकड्याने शहरात एक मूल आजारी निघते आणि वरच्या आकड्याने १२०. शहर तेच, मुले तीच. एवढा फरक कशाने पडतो?

मोठा फरक मोजण्याच्या पद्धतीने पडतो. दवाखान्यात आलेलीच मुले मोजली की आकडा लहान येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात तज्ज्ञ डॉक्टरांनी शाळांमध्ये जाऊन १२ वर्षांची मुले तपासली, तेव्हा हजारात चार मुलांना संधिवात निघाला. त्यातल्या बहुतेकांचे निदान आधी झालेलेच नव्हते. दवाखान्यापर्यंत न पोचणारे मूल आकड्यात येत नाही आणि आकड्यात नसलेल्या मुलासाठी डॉक्टरचे पद मंजूर होत नाही.

महाराष्ट्रात घरोघरी जाऊन संधिवात मोजण्याचे काम झालेले आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या पुढाकाराने 'कॉपकॉर्ड' पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि इलार यांचा हा कार्यक्रम. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवले, त्यांनी दारोदारी जाऊन प्रश्नावली भरली, माणसाच्या चित्रावर दुखणाऱ्या जागा खुणावल्या, मग डॉक्टरांनी तपासणी केली. सुमारे १८ टक्के लोकांना हाडासांध्यांची तक्रार निघाली. ही पाहणी प्रौढांची होती. पण गावातले कार्यकर्ते हे काम नीट करू शकतात, हे तिने सिद्ध केले.

यादीत नसलेला आजार

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत ठरावीक आजार आहेत. ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मुडदूस आहे, जन्मतः वाकडे पाऊल आहे, सिकलसेलही आहे. मुलांचा संधिवात नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मिशनमध्ये चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. ते हवेच होते. मात्र सुजलेल्या सांध्याचे एकच कारण शोधणारी मोहीम बाकी कारणांची गणती करत नाही.

कागदावरही हेच होते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत मुलांच्या संधिवाताला एम०८ हा संकेतांक आहे आणि नुसत्या सांधेदुखीला एम२५.५. डॉक्टरांनी केसपेपरवर फक्त 'सांधेदुखी' लिहिले की ते मूल दुसऱ्या रकान्यात जाते.

रकान्याचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. धर्मांतर १९५६ मध्ये झाले, पण बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींच्या यादीत यायला १९९० उजाडावे लागले. यादीत नाव नसले की माणूस असूनही नसतो, हे आपण ३४ वर्षे भोगले आहे.

आपण काय करू शकतो?

निदान डॉक्टरच करतील. पण मूल ओळखून वेळेत पोचवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी 'पीगॅल्स' नावाची काही मिनिटांची सोपी तपासणी आहे. आधी तीन प्रश्न विचारायचे. सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते किंवा आखडते का? कपडे एकट्याने घालायला त्रास होतो का? जिना चढता-उतरताना त्रास होतो का? मग मुलाला चवड्यांवर आणि टाचांवर चालायला सांगायचे, हात वर करून आभाळाकडे बघायला लावायचे, स्वतःची तीन बोटे तोंडात मावतात का पाहायचे, दोन्ही तळवे जुळतात का पाहायचे. विहारातल्या रविवारच्या वर्गात वंदनेला हात जोडताना एखाद्या लेकराचे तळवे जुळत नसतील, त्याला मांडी घालता येत नसेल, तर ते आपल्या नजरेत आले पाहिजे.

पुढची कामे अशी:

1. सकाळचा आखडलेपणा, सूज किंवा लंगडणे कधी सुरू झाले ती तारीख वहीत लिहावी. सहा आठवड्यांची अट या तारखेवरच मोजली जाते. मात्र दवाखान्यात जायला सहा आठवडे थांबू नये. ताप आणि तीव्र दुखणे असेल तर त्याच दिवशी निघावे.
2. अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज पडल्यास अमरावती, नागपूर किंवा सेवाग्रामसाठी लेखी संदर्भचिठ्ठी मागावी. केसपेपरवर निदान पूर्ण लिहून घ्यावे.
3. निदान होण्याआधी गावातल्या 'सुईवाल्या'कडून स्टेरॉइड घेऊ देऊ नये. दोन दिवस बरे वाटते, पण कर्करोगासारखा आजार असेल तर तो झाकला जातो.
4. जेआयएमध्ये बऱ्याचदा दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवाला धोका होतो. हे घरच्यांना पुन्हा पुन्हा समजावावे.
5. सांधे कायमचे अधू झाले असतील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चलनवलनविषयक दिव्यांगत्वाचा दाखला मागता येतो. सिकलसेल तर त्या कायद्याच्या २१ प्रकारांत थेट नावानिशी आहे.
6. वस्तीनिहाय वही ठेवावी, पण मुलाचे नाव, फोटो, सिकलचा रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही टाकू नये. एएस रिपोर्टची चर्चा झाली म्हणून उद्या त्या मुलीचे लग्न मोडू शकते. बाहेर सांगायचे ते फक्त आकडे.

वर्षभर दहा वस्त्यांनी अशी वही ठेवली तरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी ठोस असेल. किती मुले तपासली, किती पाठवली, किती जणांना नाव मिळाले आणि ते मिळायला किती महिने लागले. त्या आधारावर दोन मागण्या करता येतील. शाळा तपासणीच्या यादीत मुलांचा संधिवात यावा आणि उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस मुलांच्या सांध्यांचे विशेष तपासणी शिबिर व्हावे.

येत्या रविवारी विहारात मुले जमतील तेव्हा तीन प्रश्न विचारून सुरुवात करा. वही आणि पेन एवढेच लागते.